लोहाऱ्याची टेकडी आणि मोडीतली मोटार

संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी "मोटारीतले जुने लोखंड" असे उत्तर दिले, आणि पलीकडून बराच वेळ शब्द आला नाही. त्यांचाही दोष नाही. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय असावे, शिवकाल असावा, झालेच तर अर्थसंकल्पावर एखादे भाषण असावे. भंगार हा गावाबाहेर, रेल्वेफाटकाच्या पलीकडे ठेवावयाचा विषय, अशी आपणां सर्वांची समजूत आहे. त्यातून व्याख्याता म्हणजे जन्मभर कारखान्याच्या फाटकावर सभा घेतलेला माणूस. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील दोन कपाटांवर आणि नगर वाचनालयातल्या जुन्या गॅझेटियरवर. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

पण हा विषय मी मुद्दाम निवडला, कारण तो आपल्या चांद्याचा आहे. मोटारी पुण्यास होतात, मुंबईस होत असत, आपल्याकडे एकही होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही जुनी मोटार मोडून तिचे लोखंड पुन्हा कामास येते ते कसे, हे समजून घ्यावयाचे तर आपल्या जंगलातून आणि आपल्या कोळशातूनच वाट काढावी लागते. ती वाट मी आज दाखवणार आहे.

आरंभ घरापासून करतो. माझे वडील आलापल्लीहून बल्लारशाच्या डेपोकडे सागवान आणणाऱ्या ट्रकवर क्लीनर होते. आमच्या घरात एक कुऱ्हाड होती, अजून आहे. ट्रकच्या कमानीचा एक पाटा तुटला, तो मालकाने फेकून दिला, वडिलांनी उचलला आणि आलापल्लीच्या एका लोहाराकडून त्याची कुऱ्हाड करवून घेतली. कमानीचे पोलाद कडक असते, चिवटही असते. त्याला दिलेली धार टिकते. आपल्या जंगलपट्टीतल्या लोहारांना हे कोणत्याही पुस्तकाविना माहीत होते. या भागातल्या कुऱ्हाडी, कोयते आणि विळे यांच्यापैकी कितीतरी एके काळी रस्त्यावर धावत होते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. लोहार लोणारी कोळसा पेटवी, पोरगा भाता ओढी, आणि तासाभरात ट्रकचा तुकडा शेतकऱ्याच्या हातचे हत्यार होई.

या लोहाराचे पूर्वज त्याच्याहून मोठे काम करीत असत. ते दगडापासून लोखंड काढीत. लोहारा, पिंपळगाव, देवळगाव या बाजूच्या टेकड्यांत उत्तम लोहखनिज आहे, आणि इंग्रज येण्याच्या फार पूर्वीपासून तेथे मातीच्या लहान भट्ट्या चालत. रीत साधी होती. माणसाच्या छातीइतकी उंच मातीची भट्टी, तीत कोळशाचा थर, त्यावर फोडलेल्या दगडाचा थर, खालून भात्याचा वारा. काही तासांनी किट वाहून जाई आणि तळाशी लोखंडाचा एक सच्छिद्र गोळा राही. तो लालबुंद असतानाच घणाने ठोकून त्यातला उरलेला मळ पिळून काढीत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. या भट्टीत लोखंड वितळत नसे, त्याचा रस होत नसे. दगडातला प्राणवायू तेवढा कोळसा ओढून घेई आणि लोखंड घनरूपातच मोकळे होई.

विलायती लोखंड रेल्वेने स्वस्तात येऊ लागले आणि जंगलातला कोळसा वनखात्याच्या नियमांत अडकला, तेव्हा या भट्ट्या एकेक करून विझल्या. त्यांच्या विझण्याची नोंद कोणी ठेवली नाही.

याच सुमारास एका वेगळ्या माणसाची दृष्टी लोहाऱ्याकडे वळली. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास १८७७ मध्ये सुरू झाली होती. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याची टेकडी म्हणजे लोखंडाची खाण, आणि वरोऱ्याची कोळशाची खाण तेथून फार दूर नाही. वरोऱ्यापर्यंत तर रेल्वेही आलेली. जमशेटजींच्या मनात पोलादाच्या कारखान्याने घर केले ते त्या अहवालापासून. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत नेऊन तपासून घेतला. उत्तर आले की हा कोळसा या कामाचा नाही.

का नाही, हे समजावून घेणे जरूर आहे. मोठ्या झोतभट्टीत कोळसा केवळ जळण नसतो. शेकडो टन दगडाचा भार अंगावर घेऊन त्याला उभे राहावे लागते आणि तरीही मधून वारा जाऊ द्यावा लागतो. त्यासाठी कोळशाचा कोक करतात. बंद चुलाण्यात तापवला की काही जातींचा कोळसा मऊ होऊन फुगतो आणि थंड झाल्यावर दगडासारखा कणखर, सच्छिद्र कोक तयार होतो. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा तापवला तर त्याची भुकटी होते. चूल पेटवावी, इंजिन चालवावे, वीज करावी, इतकेच त्याच्या नशिबी. जमशेटजींच्या मार्गात सरकारी खाणपट्ट्यांच्या जाचक अटीही होत्याच, पण मुळात आडवा आला तो आपलाच कोळसा.

वीस वर्षांनंतर जमशेटजींनी पुन्हा उचल खाल्ली. ते १९०२ मध्ये अमेरिकेस गेले, तेथून तज्ज्ञ मिळवले, आणि १९०३-०४ च्या सुमारास सी. एम. वेल्ड हा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ चांद्याच्या जंगलात बैलबंड्या घेऊन हिंडू लागला. त्याच्याबरोबर दोराबजी टाटा आणि त्यांचा आतेभाऊ शापुरजी सकलातवाला हे होते. पाणी वाईट, उन्हाळा आपला, आणि महिनोन् महिने शोधून वेल्डचा निष्कर्ष असा की येथले खनिज चांगले आहे, पण मोठा कारखाना पिढ्यान् पिढ्या चालावा इतके एका ठिकाणी नाही. दोराबजी ही बातमी सांगण्यास नागपुरास गेले. तेथे सचिवालयासमोरच्या संग्रहालयात वेळ घालवीत असता त्यांना एक भूगर्भाचा नकाशा दिसला आणि त्यावर दुर्ग जिल्ह्यातला लोखंडाचा काळा रंग दिसला. तीच दल्ली-राजहरा. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंजचे खनिज कळले, झरियाचा कोकचा कोळसा जवळ होता, आणि कारखाना साकचीस उभा राहिला. कंपनी १९०७ ची, पहिले पोलाद १९१२ चे. जमशेटजी त्यापूर्वीच, १९०४ मध्ये वारले होते.

येथे जरा विषयांतर करतो, त्याची मुभा असावी. जंगलात हिंडलेल्या या सकलातवालांची प्रकृती बिघडली आणि त्यांना विलायतेस पाठवण्यात आले. तेथे ते मजूर चळवळीत शिरले आणि १९२२ मध्ये लंडनच्या बॅटर्सी भागातून पार्लमेंटवर निवडून गेले. पुढे कम्युनिस्ट म्हणूनही निवडून आले. आमच्या फाटकसभांत मी हे नाव घेतो तेव्हा तरुण मुले विचारतात, हा कोण? टाटांचा भाचा, ज्याने चांद्याची धूळ खाल्ली आणि मजुरांची बाजू घेतली, असे मी सांगतो. आणि ज्या दल्ली-राजहराच्या खाणी त्या नकाशाने दाखवल्या, तेथल्याच खाणकामगारांची संघटना शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ मध्ये बांधली आणि १९९१ मध्ये त्यांचा खून झाला. लोखंडाच्या इतिहासात अशीही पाने आहेत. असो.

चांद्याच्या पदरी काय आले? तर साकचीच्या पोलादाचा गिऱ्हाईक होणे. टाटांनी १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरास ट्रक बांधावयास घेतले. माझे वडील त्याच जातीच्या ट्रकवर होते. म्हणजे जे लोखंड लोहाऱ्यात निघावयाचे ते निघाले नाही. दुसरीकडचे लोखंड ट्रक होऊन लोहाऱ्याच्या जंगलात लाकूड न्यावयास आले. आणि त्याचा पाटा तुटला तेव्हा आलापल्लीच्या लोहाराने त्याची कुऱ्हाड केली.

वडिलांच्या आधीच्या पिढीतले ड्रायव्हर युद्धकाळाच्या हकिगती सांगत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा देशभर मोटारी लोणारी कोळशावर धावू लागल्या. गाडीच्या पाठीशी पत्र्याचे उभे पिंप जोडलेले असे. त्यात कोळसा थोड्या हवेत धुमसत ठेवावयाचा, त्यातून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडावयाचा. सकाळी गाडी सुरू करावयास अर्धा तास पंखा फिरवावा लागे आणि चढ आला की उतारूंनी उतरून चालावयाचे. जंगलाचा कोळसा असा दुसऱ्यांदा उद्योगास लागला.

युद्ध संपले आणि सैन्याच्या गाड्या लिलावात निघाल्या. जीप, डॉज, जी. एम. सी., शेव्हरोले. त्यांतल्या कित्येक लाकडाच्या धंद्यात आल्या. सुटे भाग मिळत नसत, म्हणून तीन गाड्यांची मिळून एक करीत. एकीचा सांगाडा, दुसरीचे इंजिन, तिसरीचा मागचा आस. वरचा डबा सुतार बांधी, तोही सागाचा. या गाड्या कोणत्या कारखान्यात बनल्या असे विचारले तर खरे उत्तर असे द्यावे लागेल की त्या पुन्हा एकदा आपल्याच रस्त्याच्या कडेला बनल्या. आज ज्याला मोठमोठी नावे देऊन परिषदा भरवतात, ते त्या मिस्त्रीने गरजेपोटी केले. तेव्हा गरिबी होती, त्यात मोठेपणा मानण्याचे कारण नाही. पण अक्कल होती, ती नाकारण्याचेही कारण नाही.

कारखान्यात हे काम पहिल्याने मोठ्या प्रमाणावर केले ते हेन्री फोर्डने. त्याच्या जुन्या टी मोटारीत पुष्कळ लाकूड असे. मिशिगनमधल्या त्याच्या लाकडाच्या कारखान्यात जे तुकडे आणि भुसा उरे त्याचा कोळसा करून, वड्या पाडून तो विकला जाई. आणि १९३० पासून रूज नदीवरच्या त्याच्या प्रचंड कारखान्यात जुन्या मोटारी मोडण्याची रांग सुरू झाली. जशी मोटार जोडण्याची रांग, तशीच ही मोडण्याची. काच, टायर, बैठकीचे कापड, फळ्या हे सारे रांगेत एकेकाने काढावयाचे आणि उरलेला सांगाडा चेपून थेट पोलादाच्या भट्टीत टाकावयाचा. फोर्डला एक खिळाही वाया जाऊ देणे खपत नसे. कामगारांनी संघटना करणेही खपत नसे. त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या पुलावर १९३७ च्या मे महिन्यात त्याच्या माणसांनी संघटकांना बडवले, आणि १९४१ मध्ये त्याला संघटना मान्य करावी लागली.

आता मुख्य प्रश्न. जुन्या मोटारीतले काय काय नव्या मोटारीत परत जाते? लोकांची कल्पना अशी की मोटार वितळवली की पुन्हा मोटार होते, सोन्याची पाटली मोडून बांगडी करावी तशी. तसे होत नाही. शिसे परत जाते. जुन्या बॅटरीचे शिसे गाळून नव्या बॅटरीत घालतात. ॲल्युमिनियम परत जाते. पिस्टन, गिअरपेटी, चाके ही वितळवून पुन्हा इंजिनाचे ओतीव भाग करता येतात, आणि दगडापासून नवे ॲल्युमिनियम करण्यास जितकी शक्ती लागते तिच्या शेकडा पाचच्या आसपास शक्तीत हे काम भागते. बिडाचे भागही परत जातात. कोल्हापूरकडच्या ओतशाळांत जुने ब्लॉक, ब्रेकचे ड्रम आणि पत्र्याचे कातरण एकत्र वितळवून पुन्हा मोटारीचे बीडकाम होते. चिंध्यांचा दाबलेला नमदा गालिच्याखाली आवाज अडवण्यास बसतो. टायरचे रबर दळून, शिजवून काही अंशी पुन्हा रबरात मिसळतात.

पण मोटारीचे सर्वांत मोठे वजन म्हणजे पत्र्याचे पोलाद, आणि ते सहसा पत्र्यात परत जात नाही. याचे कारण तांबे. मोटारीत तारांची जुडी असते, लहान मोटरी असतात, त्यांत कित्येक किलो तांबे असते. मोटार यंत्रात चिरडली की त्या तारांचे तुकडे लोखंडाला चिकटून भट्टीत जातात. पोलादाच्या भट्टीत गंधक काढता येते, स्फुरद काढता येते, कर्ब जाळता येतो. तांबे मात्र एकदा आत गेले की निघत नाही. असे पोलाद तापवून लाटले तर त्याला पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. मोटारीच्या दाराचा पत्रा साच्यात खोल दाबावयाचा असतो; त्यात तांबे शेकडा ०.०६ च्या पुढे चालत नाही. इमारतीच्या सळईला ०.४ पर्यंत चालते. म्हणून मोटारीचा पत्रा मोडीत निघाला की त्याची बहुधा सळई होते आणि ती काँक्रीटमध्ये गाडली जाते. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचेच पाहा. कुर्ल्याला बनणारी ही गाडी. शेवटची टॅक्सी म्हणून तिची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांची मर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांपैकी कितीएकींचे लोखंड आज कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये असणार.

यावर उपाय दोन. एक, चिरडण्यापूर्वी तारा आणि मोटरी हाताने काढाव्यात. हे काम कबाडीखान्यातला पोरगा यंत्राहून चांगले करतो, कारण तांब्याचा भाव त्याला ठाऊक असतो. दुसरा उपाय म्हणजे भंगारात निर्मळ लोखंड मिसळून तांब्याचे प्रमाण पातळ करावयाचे. हे निर्मळ लोखंड कोठून आणावयाचे? श्रोतेहो, येथे आपण पुन्हा चांद्यास आलो.

घुग्घुसला १९९० च्या दशकात स्पंज लोखंडाचा कारखाना सुरू झाला. तेथे फिरत्या लांब नळीत खनिज आणि कोळसा सुमारे हजार अंशांवर तापवतात. खनिज वितळत नाही. कोळसा त्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि सच्छिद्र लोखंड मागे उरते. मघाशी लक्षात ठेवा म्हटले ते हेच. मातीच्या भट्टीत जंगलातला लोहार जे करीत होता, तेच तत्त्व. आणि यास कोकची गरज नाही. जो न फुगणारा, भुकटी होणारा कोळसा जर्मनीत नापास झाला, त्या जातीचा कोळसा येथे चालतो. असे स्पंज लोखंड आणि भंगार एकत्र करून विजेच्या भट्टीत वितळवतात. जालन्यास अशा भट्ट्यांची रांगच आहे, आणि तेथून सळ्या देशभर जातात. भट्टीतल्या रसातला प्राणवायू काढण्यास आणि पोलादाला बळ देण्यास मँगेनीज लागते. ते फेरोमँगेनीज तयार करणारा कारखाना आपल्या मूल रस्त्यावर आहे. १९७४ मध्ये महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट या नावाने त्याची स्थापना झाली, १९८६ मध्ये तो स्टील अथॉरिटीकडे गेला आणि २०११ मध्ये तिच्यात विलीन झाला. जुन्या मोटारीला पुन्हा जन्म घेण्यास जे दोन सोबती लागतात ते दोन्ही आपल्या जिल्ह्यात तयार होतात, हे चांदेकरांपैकी किती जणांना माहीत आहे?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या भंगार धोरणात एक हिशेब दिला आहे. एक टन भंगार वापरले तर १.१ टन खनिज, ६३० किलो कोकचा कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. कोकच्या कोळशाचा आकडा वाचताना मला जमशेटजी आठवले.

हा हिशेब ऐकून माझा एक तरुण सहकारी म्हणाला, "मग सुरजागडची टेकडी खोदायचीच कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून मला पुढे जाता येत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडावर ३४८.०९ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये देण्यात आला. माडिया गोंडांचा ठाकूरदेव त्या डोंगरावर आहे, दर जानेवारीत तेथे यात्रा भरते, आणि आजूबाजूच्या गावांनी खाणीला विरोधही केला. उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथे सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून काम पुन्हा चालू झाले, कोनसरीला कारखाना आला. त्या जळालेल्या ट्रकांचे लोखंडही अखेर कोठल्या तरी भट्टीत गेले असेल. त्यांतले कित्येक कर्जावर घेतलेले, गावोगावच्या लहान मालकांचे होते, हे मात्र सांगितले पाहिजे.

माझे मत विचाराल तर मी असे म्हणेन. भंगाराने टेकडी वाचेल असे जे म्हणतात ते घाई करतात. आज मोडीत निघणारी मोटार वीस वर्षांपूर्वीची आहे, पूल चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी या देशाने थोडे पोलाद वापरले, म्हणून आज भंगार थोडे, आणि गरज मात्र कितीतरी वाढलेली. जपान-अमेरिकेची गोष्ट वेगळी. त्यांच्या घरात जुने लोखंड साठून आहे. पण जे म्हणतात की विकासासाठी टेकडी आजच्या आज, होईल तितक्या वेगाने खोदलीच पाहिजे, तेही अर्धेच सांगतात. आज काढलेले प्रत्येक टन पुढच्या पिढीचे भंगार आहे. किती काढावयाचे आणि कोणाच्या संमतीने, हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडावयाचा आहे. माझे सभासद कारखान्यातही आहेत आणि त्यांचे मामा-मावसे त्या डोंगराच्या पायथ्याशीही आहेत. रात्री घरी गेल्यावर दोन्हीकडचे बोलणे मला ऐकावे लागते.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या गोष्टीकडे येतो. सरकारचे वाहन मोडण्याचे धोरण २०२१ मध्ये आले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी बंद झाली. १ एप्रिल २०२५ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार मोटार बनवणाऱ्यांवर जबाबदारी आली की पंधरा-वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांतल्या पोलादाच्या पहिल्या पाच वर्षांत शेकडा ८, पुढच्या पाच वर्षांत १३ आणि नंतर १८ इतक्या पोलादाची मोड नोंदणीकृत केंद्रांतून झाल्याचे दाखले त्यांनी दाखवावेत. हे नियम मला पसंत आहेत. पण त्यांतला हिशेब पोलादाच्या वजनाचा आहे. मोडणाऱ्या हातांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि तो ठेवण्यास कोणी बसलेला नसतो.

मोटार मोडणे हे बनवण्याहून धोक्याचे काम आहे. बनवताना प्रत्येक भाग काय आहे हे माहीत असते. मोडताना टाकीत वाफ उरली आहे की नाही, सिलिंडर रिकामे आहे की नाही, ब्रेकच्या जुन्या अस्तरात काय आहे, हे कळत नाही. २००४ मध्ये गाझियाबादच्या एका कारखान्यात आयात भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट होऊन १० कामगार मेले. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या किरणोत्सारी कोबाल्टने एकाचा जीव घेतला आणि कित्येकांना भाजले. त्यांच्यातल्या कुणालाही आपण काय कापीत आहोत याची कल्पना नव्हती.

आमच्याकडची एक हकिगत सांगतो. माणसाचे नाव सांगत नाही, धंद्याच्या मालकाचेही सांगत नाही. २००९ सालची गोष्ट. गॅसकटर चालवणारा एक मनुष्य जुन्या टँकरचे पिंप कापीत होता. पिंपात वाफ होती. उजवा डोळा गेला, चेहरा भाजला. मालक म्हणाला, हा माझा माणूसच नव्हे, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, हा रोज नाक्यावरून येतो, मी ओळखत नाही. हजेरीपट नव्हता, पगाराची पावती नव्हती. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात मागणी करावयाची तर प्रथम तो कामावर होता हे सिद्ध करणे प्राप्त. सहा वर्षे तो त्या आवारात काम करीत होता आणि कागदावर तो एकही दिवस तेथे नव्हता. मी साक्षीदार शोधले. जे शेजारी उभे होते त्यांना दुसऱ्या दिवशी तेथेच काम हवे होते.

शेवटी पुरावा सापडला तो ऑक्सिजनच्या सिलिंडरांच्या वहीत. सिलिंडर उतरवून घेणाऱ्याची सही पुरवठादाराच्या वहीवर होत असे, आणि सहा वर्षांत शेकडो ठिकाणी याच मनुष्याची सही होती. तो चौथी शिकलेला, सही ठळक आणि देवनागरीत. तीन वर्षांनी तडजोड झाली. रक्कम सांगण्याजोगी नाही.

मुंबईत लोखंडबाजारातल्या हमालांनी १९६९ चा माथाडी कायदा मिळवला आणि त्यांचे मंडळ झाले, म्हणून हमालाच्या नावाची नोंद झाली, त्याच्या मजुरीतून निधी जमू लागला. पुण्यास कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये पंचायत स्थापली, बाबा आढाव तिचे अध्यक्ष झाले, आणि ज्यांना लोक चोर समजत त्यांच्या हाती महापालिकेच्या सहीचे ओळखपत्र आले. मोटार मोडणाऱ्यांचे असे काही व्हावे म्हणून आम्ही आमच्याकडे एक वही उघडली आहे. तीत नाव, गाव, कोणत्या आवारात, किती दिवस, एवढेच लिहितो. आरंभी लोक नाव सांगावयास भीत. आता काही जण स्वतः येतात आणि आपली सही पुन्हा पुन्हा तपासून पाहतात.

तो एक डोळा गेलेला मनुष्य मागच्या दिवाळीत आमच्याकडे फराळास आला होता. दाराआड वडिलांची कुऱ्हाड टेकून ठेवलेली असते. त्याने ती उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला, जाडी बोटांनी मोजली आणि म्हणाला, "भाऊ, हा पुढच्या चाकाचा पाटा आहे. मागचा याहून जाड असतो."